मुलीच्या मोबाईलवर नजर ठेवणारं ॲप, वर्षभर वापरून : अडीच स्टार

वर्षाचे २,९९९ रुपये, पाच फोनपर्यंत चालतं. त्यातला एक माझा, एक लेकीचा, बाकीचे तीन कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ॲपचं नाव लिहीत नाहीये. एकतर ह्या जातीची सगळी ॲप थोड्याफार फरकाने सारखीच असतात, आणि दुसरं म्हणजे कमी स्टार दिले की 'मॅडम आपली काय तक्रार होती' म्हणून जे फोन येतात ते मला परत नकोयत.

घेतलं कशासाठी ते सांगते. लेक सातवीत गेली, क्लास नळस्टॉपला आणि आम्ही राहतो धायरीत. सिंहगड रोडचं ट्रॅफिक काय ते पुण्यात कुणाला सांगायला नको. बसमधून उतरली का, क्लासला पोचली का, ह्या घोरापायी माझा जुना फोन तिला दिला, तपकीर गल्लीत जाऊन काच बदलून आणली, नवीन बॅटरी टाकली, आणि म्हटलं झालं काम. पहिला आठवडा तो फोन फक्त फोन होता. मग शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आला (होमवर्क तिथेच येतो, डायरी आता नावालाच), मग मैत्रिणींचा ग्रुप, मग क्लासचे व्हिडिओ यूट्यूबवर, आणि दिवाळी यायच्या आत रात्री साडेअकराला पांघरुणाच्या आतून उजेड दिसायला लागला.

अहो म्हणाले फोन काढून घे. सासूबाई म्हणाल्या मुळात द्यायलाच नको होता. दोघांचंही बरोबर, पण पावसात बस नाही मिळाली तर पोरगी फोन कशावरून करणार ह्यावर दोघंही गप्प. शेवटी ऑफिसमधल्या एकीने हे ॲप सांगितलं.

आधी चांगलं सांगते, म्हणजे नुसती कुरकुर करतीये असं वाटायला नको. लोकेशन झकास चालतं. क्लासभोवती नकाशावर एक गोल आखून ठेवायचा, ती त्या गोलात शिरली की माझ्या फोनवर टिंग. बस राजाराम पुलापाशी अडकली तर तेही दिसायचं, मी ऑफिसात बसून उगाच त्या ठिपक्याकडे बघत बसायचे ही गोष्ट वेगळी. रात्री साडेनऊ ते सकाळी सहा फोन बंद, हेही एकदा नीट लागलं की लागलं. ह्याचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही, आधी रोजचं भांडण माझ्याशी व्हायचं, आता ते ॲपशी व्हायला लागलं. 'आई, ते बंद झालं गं' असं ती म्हणायची आणि मी 'हो का, अरेरे' म्हणून भाजी चिरत बसायचे. नवीन ॲप टाकायचं असेल तर मला विचारणा यायची, तेही बरं. अडीचच्या अडीच स्टार ह्या सगळ्याला.

आता पुढचं.

लावायलाच अर्धा रविवार गेला. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्या, नोटिफिकेशन वाचायची द्या, व्हीपीएन चालू करा, डिव्हाइस ॲडमिन करा, बॅटरी सेव्हरमधून वगळा. प्रत्येक ठिकाणी अँड्रॉइड लाल अक्षरात विचारतं की हे ॲप तुमच्या स्क्रीनवरचं सगळं वाचू शकेल, चालेल का. म्हणजे पोरीचं कुणी वाचू नये म्हणून मी आधी एका तिसऱ्यालाच वाचायला बसवलं. तेव्हा हे डोक्यात आलं नाही, घाईत सगळ्याला हो हो करत गेले.

बरं, एवढं करूनही हे फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप परस्पर बंद करतात. ऑटोस्टार्ट नावाचं एक बटण सेटिंगच्या पोटात खोल कुठेतरी असतं, ते चालू केलं नाही तर पहारेकरी दुपारी दोनलाच झोपतो. आणि झोपलाय हे तुम्हाला कळत नाही! माझ्या फोनवर बरोबरची हिरवी खूण आणि 'सर्व सुरक्षित'. खाली करड्या रंगात बारीक अक्षरात 'शेवटची माहिती ४ तासांपूर्वी'. चष्मा लावल्याशिवाय मला तर दिसलंच नाही. माझ्या मते ह्या प्रॉडक्टचा सगळ्यात मोठा दोष हाच, काम बंद पडलं तरी चालू आहे असं दाखवतं. कुलूप नसलं तर माणूस सावध तरी राहतो.

पळवाटांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. फोटोवालं ॲप ब्लॉक केलं तर तेच ब्राउझरमध्ये उघडतं. ब्राउझर ब्लॉक केला तर गूगलच्या सर्चमधूनच पान उघडतं. फोन सेफ मोडमध्ये चालू केला की बाहेरून टाकलेली सगळी ॲप झोपतात, पहारेकरीसुद्धा, आणि सेफ मोड कसा करायचा ह्याचा व्हिडिओ सातवीच्या पोरांमध्ये गणिताच्या पेपरपेक्षा लवकर फिरतो. पण आमच्याकडे ह्यातलं काहीच लागलं नाही. आमची पळवाट दिवाणखान्यात सोफ्यावर बसून हरिपाठ ऐकत होती. आज्जीचा फोन. त्याला ना पिन ना पॅटर्न, कारण आज्जीला ते जमत नाही, आणि त्या फोनवरचं खातं सत्तरी ओलांडलेल्या बाईचं. सासूबाई मला एकदा म्हणाल्या, 'अगं हल्ली माझ्या फोनवर सारख्या नाचणाऱ्या पोरी येतात, काय बिघडलंय गं?' काही बिघडलं नव्हतं. साडेनऊला लेकीचा फोन बंद झाला की ती आज्जीच्या कुशीत शिरत होती, आणि आम्ही कौतुकाने म्हणत होतो, बघा कसा जीव आहे आज्जीवर.

आणि आता ज्याच्यासाठी पैसे दिले ते, धोक्याचे अलर्ट. जाहिरातीत हेच मोठ्याने सांगतात, एआय आहे, मुलांच्या बोलण्यात काही वावगं दिसलं तर लगेच कळवतं. वर्षभरात मला जे अलर्ट आले ते ऐका. 'शूट' शब्दाला हिंसा म्हणून अलर्ट, ती गॅदरिंगच्या नाचाचं शूटिंग होतं. 'बॉम्ब'ला अलर्ट, मैत्रिणीने कॅडबरी बॉम्ब की काय ते खाल्लं होतं. 'किल' तर आठवड्यातून दोनदा. इंग्रजी शब्द दिसला की धावत येतं. आणि आपली पोरं लिहितात कशात? मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, त्यातही स्पेलिंग ज्याचं त्याचं, 'कुणाला'चे पाच प्रकार आणि 'नको'चे सहा. त्यातलं ह्या एआयला ढिम्म कळत नाही.

कळत नाही हे मला कसं कळलं ते लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते. जानेवारीत एका ॲपवर (नाव सोडा, कुठल्याही ॲपवर झालं असतं) एका 'मुलीने' तिच्याशी ओळख काढली. दुसऱ्या शाळेत आठवीत आहे म्हणे, तिलाही कथक आवडतं म्हणे. दोन आठवडे छान गप्पा, मग एक फोटो पाठव ना, मग असा नको तसा पाठव, आणि मग 'कुणाला सांगू नको हं, आपलं सीक्रेट'. हे सगळं मराठीत, इंग्रजी अक्षरांत. माझ्या डॅशबोर्डवर त्या दोन आठवड्यांत तीच हिरवी खूण. लेकीने फोटो पाठवला नाही, पण घाबरली आणि मला न सांगता मावशीकडे जाऊन मावसबहिणीला सांगितलं, ती कॉलेजला आहे. तिने मला रात्री फोन केला. म्हणजे २,९९९च्या ॲपचं काम वीस वर्षांच्या पोरीने फुकटात केलं.

इथे मी एक चूक केली ती सांगते म्हणजे तुम्ही करू नका. रागाच्या भरात ते खातं आधी ब्लॉक केलं, चॅट डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी तक्रार करायला बसले तर हातात काहीच नाही. आधी स्क्रीनशॉट, युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक लिहून ठेवायची, मग रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर करता येते, महिला आणि मुलांसाठी तिथे वेगळा भाग आहे, काही प्रकारांत नाव न देताही चालतं. १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर. आणि कुणाच्या पोरीने किंवा पोराने घाबरून फोटो पाठवलाच असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सोय आहे, अमेरिकेतली हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते. फोटो कुठे अपलोड करावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा बनतो आणि फक्त तो ठसा कंपन्यांकडे जातो, ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो फोटो शोधून काढतात. हे मला त्या ॲपच्या मदत विभागात कुठेही सापडलं नाही, तीन हजार घेतात तर एवढं एक पान लिहायला काय हरकत होती.

मग मी कस्टमर केअरला फोन केला. पोरगा सभ्य होता, हिंदीत बोलत होता, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम आम्ही फक्त टूल देतो, शेवटी कायद्याने जबाबदारी पालकांचीच असते. ते वाक्य मला असं काही झोंबलं की त्या रात्री कायदा काय म्हणतो तेच वाचत बसले. मी वकील नाही, अकाउंट्समध्ये आहे, पण आकडे आणि अटी वाचता येतात.

तर आपला २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे त्याचं नववं कलम मुलांवर आहे. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात मूल. मुलाची माहिती घ्यायच्या आधी आईवडिलांची खात्रीलायक संमती घ्यायची, मुलाच्या वागण्याचा माग काढायचा नाही, आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नाही पाळलं तर २०० कोटींपर्यंत दंड. कुणाला? कंपनीला. आईला नाही! म्हणजे तो सभ्य पोरगा मला चक्क उलटं सांगत होता. फक्त गंमत अशी की नियम यायलाच नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि ही कलमं अमलात यायला अजून दीड वर्षाची मुदत दिलीये, म्हणजे २०२७चा मे. तेव्हा माझी लेक दहावीकडे निघालेली असेल.

ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखाली सोशल मीडियावर खातंच नको असा कायदा केला, १० डिसेंबर २०२५पासून लागूही झाला. त्यातही मुलाला शिक्षा नाही, आईबापाला नाही, कंपनीने १६ खालच्यांना रोखायला पुरेसं काही केलं नाही तर कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून मुलांसाठीचे ऑनलाइन सुरक्षेचे नियम लागू झाले, तिथे दंड जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिकडे मॉली रसेल नावाची १४ वर्षांची मुलगी २०१७ला गेली, आणि २०२२मध्ये चौकशी करणाऱ्या कॉरोनरने सांगितलं की तिला ऑनलाइन जे दाखवलं गेलं त्याचा तिच्या मृत्यूत वाटा होता. तिने ते सगळं शोधलं नव्हतं, बरंचसं तिच्यापुढे आपोआप आणून टाकलं जात होतं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि उगाच लेकीच्या खोलीत जाऊन पांघरूण नीट करून आले.

माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते साधं आहे. टाकी भरून वाहतीये, कॉक वरच्या मजल्यावर आहे, आणि मला तीन हजारांना पोछा विकलाय. पोछा चांगला आहे हो, दांडा मजबूत आहे.

कॉक त्यांच्याकडेच आहे हे त्यांनीच दाखवून दिलंय. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४मध्ये टीन अकाउंट आणलं, भारतात फेब्रुवारी २०२५मध्ये. १८च्या आतल्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट, ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज नाहीत, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६च्या आत असेल तर हे सैल करायला पालकांची परवानगी. आता सांगा, रात्रीच्या शांततेसाठी मी पैसे मोजत होते आणि ती गोष्ट कंपनीला आतून एका बटणात करता येत होती. मग आधी इतकी वर्षं का नाही केली? चारी बाजूंनी कायदे यायला लागल्यावरच सुचलं, असं मला तरी दिसतं. अर्थात हे सगळं पोराने जन्मसाल खरं टाकलं तरच. आणि खातं उघडायला असलेली १३ वर्षांची अट म्हणजे काही डॉक्टरांनी नाडी बघून ठरवलेलं वय नाही, अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यात मुलांची माहिती गोळा करायला १३च्या आत आईबापाची परवानगी लागेल असं म्हटलं, तेव्हापासून जगभर तोच आकडा चिकटलाय. आमच्या लेकीच्या वर्गात त्या हिशोबाने सगळे २००० साली जन्मलेत, कारण स्क्रोल करताना बोट तिथेच थांबतं.

पण म्हणून ऑस्ट्रेलियासारखं सरसकट बंद करा असं मी म्हणेन का, तर माझं ठरत नाही. आपल्याकडे एप्रिल २०२५मध्ये १३च्या आत बंदी घाला अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा कोर्टाने हा धोरणाचा विषय आहे, सरकारकडे जा असं सांगितलं. आता सरकारने उद्या वय तपासायचं ठरवलं तर कसं तपासणार? आमच्या नियमांत डिजिलॉकरचाही उल्लेख आहे, पालकाचं वय आणि ओळख तिथून पडताळता येईल. छान. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या फोनमधलं सगळं त्यांचा नववीतला मुलगाच बघतो, रेशनचा ओटीपीसुद्धा तोच सांगतो. त्या माउलीच्या नावाने संमती कोण देणार? तोच. स्वतःलाच! आणि जिथे तीन पिढ्या एका फोनवर आहेत तिथे कंपनीला आज्जी दिसणार, नात नाही, हे तर आमच्या सोफ्यावरच सिद्ध झालंय. शिवाय १८ ही रेघ जरा जास्तच जाड आहे, साडेसतरा वर्षांचा जेईईवाला पोरगा आणि माझी बारा वर्षांची लेक एकाच पारड्यात कशी?

म्हणून मला वाटतं वय किती ह्याच्या मागे लागण्यापेक्षा आतली यंत्रणा बदलायला लावली पाहिजे. अनोळखी मोठ्या माणसाला बारा वर्षांच्या पोरीला मेसेज करताच का यावा? एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप का सुरू व्हावा? तक्रार केली की माणसाने का वाचू नये, आणि ती मराठीत केली तर का चालू नये? ह्यातलं काहीच आधार कार्ड मागून सुटत नाही, आणि काहीच माझ्या ॲपच्या हातात नाही.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२पासून संध्याकाळी ७ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी हे सुचवलं. पार्किंगवरून पाऊण तास वाद झाला होता, त्यानंतर. एक काका म्हणाले ७ला तर बातम्या असतात. विषय संपला.

बाकी बारीकसारीक : फोन गरम होतो, बॅटरी दुपारपर्यंत अर्ध्यावर येते (नवीन टाकलेली!). ॲप मराठीत नाही, हिंदी आहे पण भाषांतर असं की 'स्क्रीन टाइम'ला 'पर्दा समय' लिहिलंय. महिन्याचा रिपोर्ट रंगीत येतो, त्यात लेकीची तुलना 'तिच्या वयाच्या इतर मुलांशी' केलेली असते, म्हणजे इतर मुलांची माहितीही तिथे जमा आहे आणि तिचीही. मी ईमेल करून विचारलं की तिचे मेसेज तुमच्याकडे किती दिवस राहतात, वर्गणी बंद केली की पुसता का. दोन रिमाइंडरनंतर प्रायव्हसी पॉलिसीची लिंक आली. ३१ पानं. नववं कलम मे २०२७नंतर ह्यांना कसं लागू होईल ते मला बघायचंच आहे, कारण मुलांच्या वागण्याचा माग काढणं हाच तर ह्यांचा धंदा.

घ्यायचं का? पोरगं एकटं ये-जा करत असेल तर लोकेशनसाठी घ्या, पण ते फुकटच्या ॲपमध्येही मिळतं. रात्री फोन बंद करायला घ्या, पण मग घरातले सगळेच फोन ओट्यावर ठेवायची तयारी असेल तर, आम्ही आता तेच करतो, आज्जीचासुद्धा, त्यांचा हरिपाठ ब्लूटूथ स्पीकरवर लावून देतो. धोक्याचे अलर्ट मिळतील म्हणून घेत असाल तर तेवढ्यासाठी एक रुपया देऊ नका. ऑटोपे मात्र आधी बंद करा, यूपीआय ॲपमध्ये जाऊन, त्यांच्या ॲपमधलं 'कॅन्सल' दाबून काही होत नाही.

गेल्या रविवारी काढून टाकलं. काढायला पालकांचा पिन मागतं, आणि मला काही केल्या आठवेना. लग्नाची तारीख टाकून बघितली, बिल्डिंगचा नंबर टाकला, तीन वेळा चुकला की पंधरा मिनिटं थांबायला लावतं. तेवढ्यात आतून लेक ओरडली, 'आई, आज्जीचं जन्मसाल टाक गं, एकोणीसशे एकावन्न.'